झडपेचा आजार, सहावा महिना आणि पावसाळ्यातला ताप

प्रश्न: माझी मोठी बहीण २७ वर्षांची आहे, सहावा महिना चालू आहे. शाळेत असताना सांधे सुजून ताप आला होता, तेव्हापासून हृदयाची एक झडप आकसलेली आहे. टूडी इकोच्या (हृदयाच्या सोनोग्राफीच्या) रिपोर्टवर मायट्रल झडपेचं तोंड १.४ चौरस सेंटिमीटर लिहिलंय. मेटोप्रोलॉलची गोळी आणि दर २१ दिवसांनी पेनिसिलीनचं इंजेक्शन चालू आहे. आम्ही सोलापूरच्या पूर्व भागात राहतो. गल्लीत डेंग्यूचे पेशंट निघालेत, घरातल्या लहान मुलाला सारखी सर्दी. डॉक्टरांनी फ्लूची लस सांगितली, पण ताईच्या सासूबाई म्हणतात, अशा दिवसांत नसती इंजेक्शनं नकोत. व्हायरल ताप आला तर विषाणू हृदयात जाऊन झडप आणखी खराब करेल का? बाळाला काही होईल का? माहेरी अक्कलकोटला बाळंतपण करायचं ठरलंय आणि पुढच्या महिन्यात डोहाळजेवण आहे, ते करावं की नको?

उत्तर: विषाणू झडपेत शिरेल आणि ती आणखी आकसेल, ही भीती आधी सोडा. ताईंची झडप खराब झाली ती विषाणूमुळे नव्हे. लहानपणी घशात स्ट्रेप्टोकोकस नावाचा जिवाणू शिरला, त्याच्याशी लढताना शरीराने स्वतःच्याच झडपेवर वार केले. दर २१ दिवसांचं पेनिसिलीन त्या जिवाणूसाठी आहे. ते गरोदरपणातही चालतं आणि चुकवू नये, पण फ्लू किंवा डेंग्यूपासून ते वाचवत नाही. पुष्कळ घरांत समज असतो की बाई एवढी मोठी सुई घेतेय म्हणजे सगळ्याच तापांचा बंदोबस्त झाला. तसं नाही.

मग धोका कुठे आहे? तापाने नाडी वाढते तिथे, आणि तापावर उपाय म्हणून घाईघाईने दिलेल्या सलाईनमध्ये. पुढचं सगळं उत्तर या दोन गोष्टींभोवतीच आहे, म्हणून त्या नीट समजून घ्या.

निरोगी मायट्रल झडपेचं तोंड ४ ते ६ चौरस सेंटिमीटरचं असतं. ताईंचं १.४ आहे, म्हणजे जुन्या वर्गवारीत मध्यम, पण आताच्या वर्गवारीत गंभीर आकुंचन. फुफ्फुसातून आलेलं रक्त या तोंडातून खालच्या कप्प्यात उतरतं, तेही फक्त दोन ठोक्यांच्या मधल्या विसाव्यात. एसटीचं दार अरुंद आहे आणि थांबाही कमी केला, तर माणसं स्टँडवरच तुंबणार. इथे रक्त मागे, फुफ्फुसात तुंबतं. मिनिटाला ७० ठोके असतील तर एका ठोक्याला साधारण ०.८६ सेकंद मिळतात आणि त्यातला निम्म्याहून जास्त वेळ भरण्यासाठी असतो. नाडी १२० झाली की अख्खा ठोकाच अर्ध्या सेकंदात उरकतो, आणि कात्री लागते ती भरण्याच्या वेळेला. त्यात गरोदरपणात शरीरातलं रक्त ४० ते ५० टक्क्यांनी वाढलेलं असतं. हृदयावरचा हा बोजा २८ ते ३२ आठवड्यांच्या सुमाराला शिखरावर पोचतो. ताईंचे ते आठवडे नेमके ऑगस्टच्या आसपास येतात, म्हणजे आपल्याकडे डेंग्यू आणि फ्लू ऐन भरात असतात तेव्हा.

ताप एक अंश सेल्सिअसने चढला की नाडी दहा-बारा ठोक्यांनी तरी वाढते. खोकला, अंगदुखी, झोप नाही, पोटात अन्न नाही, यांनी आणखी. चांगल्या हृदयाच्या गरोदर बाईला १०२ फॅरनहाइट ताप आला तर तिला त्रास होतो, पण ती निभावते. ताईंसारख्या बाईला त्याच तापात रात्री आडवं पडता येईनासं होतं. विषाणू तोच, परिणाम निराळा. म्हणून ‘साधा व्हायरल आहे, तीन दिवसांत जाईल’ हे वाक्य तुमच्या घरापुरतं बंद करा. आणि ताप अंगावर काढणं तर अजिबातच नको.

आता करायचं काय ते. घरात एक थर्मामीटर, बोटाला लावायचं ऑक्सिमीटर आणि वजनकाटा ठेवा. ताईंची बरी असतानाची नाडी, ऑक्सिजन आणि वजन आठवड्यातून दोनदा वहीत लिहा. आजारी पडल्यावरचे आकडे तोलायला बरे असतानाचे आकडे लागतात. गरोदरपणात नाडी थोडी वाढलेलीच असते, म्हणून दुसऱ्या कुणाच्या आकड्याशी तुलना करून उपयोग नाही. ताप १०० च्या वर गेला की पॅरासिटामॉल द्या. ५०० किंवा ६५० ची गोळी, दोन गोळ्यांत किमान सहा तासांचं अंतर, आणि न विचारता दिवसात चारपेक्षा जास्त नको. साध्या पाण्याने अंग पुसा, बर्फाच्या पाण्याने नको. मेटोप्रोलॉल स्वतःहून बंद करू नका. नाडीला लगाम घालणारी तीच एक गोळी आहे, आणि ‘ताप आहे, गोळ्या जास्त झाल्या’ म्हणून लोक नेमकी तीच वगळतात. उलट्या होऊन गोळी पडली तर डॉक्टरांना फोन करा.

कधी निघायचं? बसल्या जागी नाडी १०० च्या वर टिकून आहे, ऑक्सिजन ९५ च्या खाली आहे, श्वास मिनिटाला २४ पेक्षा जास्त आहेत, दोन दिवसांत वजन किलोभर वाढलंय, रात्री उशा वाढवाव्या लागताहेत, झोपल्यावर खोकला येतो आणि उठून बसल्यावर थांबतो, छातीत अनियमित धडधड होते. यातलं एक जरी दिसलं तरी सकाळ होण्याची वाट बघू नका. गुलाबी फेस किंवा ओठ निळसर दिसले तर १०८ ला फोन करा आणि ताईंना पाय खाली सोडून बसवूनच न्या. स्ट्रेचरवर आडवं झोपवायचा आग्रह कुणी केला तर नाही म्हणा. बाळाची हालचाल कमी वाटली तर तेही तितक्याच तातडीने सांगा, कारण आईचा ताप आणि कमी ऑक्सिजन बाळालाही सोसावा लागतो.

रात्री दम लागलेली बाई दवाखान्यात आली की काय घडतं ते सांगतो, म्हणजे तुम्ही सावध राहाल. बाईला धाप लागलेली असते, छातीत सूं-सूं आवाज येतो, बरोबरचे सांगतात की दोन दिवस सर्दी-खोकला होता. ड्युटीवरच्या नवख्या डॉक्टरला दमा वाटतो. साल्बुटामॉलची वाफ लावली जाते, डेरिफायलिनचं इंजेक्शन दिलं जातं, ‘अशक्तपणा’ म्हणून एक बाटली सुरू होते. वाफेने आणि इंजेक्शनने नाडी आणखी वाढते, बाटलीने फुफ्फुसात आणखी पाणी भरतं. तो आवाज दम्याचा नसून तुंबलेल्या फुफ्फुसाचा असतो. तिथे लागतो तो ऑक्सिजन, लघवीवाटे पाणी काढणारं इंजेक्शन आणि नाडी खाली आणणारं औषध. इतिहास सांगणारं माणूस बरोबर असेल तर हे सगळं टळतं. म्हणून फाइलच्या पहिल्या पानावर जाड अक्षरात लिहून ठेवा: ‘मायट्रल स्टेनोसिस (आकसलेली झडप), गरोदर, सलाईन जपून, नाडी वाढवणारी औषधं टाळा.’ पोटात कळा येतात म्हणून आयसॉक्सुप्रिन लिहून देण्याची आपल्याकडे सवय आहे. तेही नाडी वाढवतं, म्हणून त्याचं नावही त्याच पानावर लिहा. सर्दीच्या गोळ्यांत फिनायलएफ्रिन असतं, ते नको. मेडिकलवाल्याला विचारून सर्दीची गोळी आणायची नाही.

सलाईनबद्दल थोडं कठोर बोलतो. आपल्या भागात ‘एक बाटली लावली की तरतरी येते’ हा समज डॉक्टर आणि पेशंट दोघांनी मिळून जपलाय. अर्धा लिटर सलाईनमध्ये साधारण साडेचार ग्रॅम मीठ असतं. तरतरी येते ती तेवढ्या पाण्यामिठाची, आणि ताईंच्या फुफ्फुसात जाणार तेही तेच. उलट्या-जुलाब होऊन अंग खरंच सुकलं असेल तर सलाईन लागेल. पण ते मोजून, हळू आणि कुणीतरी छातीला स्टेथोस्कोप लावून ऐकत असताना. घरी येऊन खुंटीला बाटली टांगणाऱ्या कंपाउंडरकडून मुळीच नाही.

आता एकेक आजार. फ्लूपासून सुरू करतो, कारण त्याच्यावर लस आहे आणि औषधही आहे.

२००९ च्या स्वाइन फ्लूच्या साथीत देशातला पहिला मृत्यू पुण्यात नोंदवला गेला, तेव्हाची घबराट तुमच्या घरातल्या मोठ्या माणसांना आठवत असेल. त्या साथीने जगभर एक गोष्ट ठळक केली की गरोदर बायकांना, विशेषतः शेवटच्या तीन महिन्यांत, फ्लूचा न्यूमोनिया इतरांपेक्षा जास्त होतो. वाढलेल्या गर्भाशयाने फुफ्फुसाला जागा कमी पडते आणि प्रतिकारशक्तीची घडीही थोडी बदललेली असते. हृदयरोग्यांना तर फ्लूचा धोका एरवीही जास्तच. ताई दोन्ही यादीत आहेत. लस मेलेल्या विषाणूची असते, तिच्यातून फ्लू होऊ शकत नाही, आणि ती गरोदरपणाच्या कुठल्याही महिन्यात चालते. नाकात फवारायची जिवंत विषाणूची लस मात्र गरोदरपणी घ्यायची नसते. इंजेक्शननंतर दंड दुखेल, एखादा दिवस कणकण येईल, पॅरासिटामॉलने भागेल. संरक्षण तयार व्हायला साधारण दोन आठवडे लागतात, म्हणून आजच्या आज घेतलेली बरी. शिवाय आईची प्रतिद्रव्यं बाळापर्यंत पोचतात. सहा महिन्यांखालच्या बाळाला फ्लूची लस देताच येत नाही, त्याला तेवढाच आसरा.

सासूबाईंशी वाद घालू नका. त्यांना विचारा की तुमच्या वेळी धनुर्वाताची सुई घेतली होती ना? त्यांनी घेतलीच असणार. ती सुई बाळ आणि आई दोघांसाठी होती, हीसुद्धा दोघांसाठीच आहे, एवढं त्यांना पटतं. आणि जमलं तर त्या स्वतः, दाजी आणि घरातला सर्दीवाला छोटा, सगळ्यांनीच घ्या. फ्लू ताईंना बाजारात नव्हे, स्वयंपाकघरात गाठतो.

फ्लूची शंका आली, म्हणजे अचानक चढलेला ताप, कोरडा खोकला, अंग ठेचल्यासारखं दुखणं, तर ऑसेल्टामिविर हे फ्लूचं औषध, ७५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, पाच दिवस. ते ४८ तासांच्या आत सुरू झालं तर खरा फायदा, त्यामुळे घशाच्या नमुन्याचा रिपोर्ट येईपर्यंत थांबायचं नसतं. अर्थात ते डॉक्टरने लिहून द्यायचं, पण तुम्ही विचारायला संकोच करू नका. कोविडचंही गणित असंच आहे, गरोदर बायकांना त्याचाही त्रास जास्त. आपल्याकडे जुलै २०२१ पासून गरोदर महिलांना ती लस घ्यायला परवानगी मिळाली. आता डोस घ्यायचा की नाही ते ताईंनी आधी किती घेतलेत यावर डॉक्टरांशी बोलून ठरवा.

छातीचा एक्सरे काढायला सांगितला तर घाबरू नका. पोटावर शिशाचं आवरण घालून काढलेल्या एका फोटोत बाळापर्यंत पोचणारी किरणं नगण्य असतात. एक्सरे नाकारला म्हणून न्यूमोनिया उशिरा सापडणं बाळाला कितीतरी जास्त महाग पडतं. टूडी इकोत तर किरणं नसतातच, तो सोनोग्राफीचाच भाऊ.

डेंग्यूवर जरा जास्त बोलायला हवं, कारण तुमच्या गल्लीत तो आहे आणि हृदयाच्या पेशंटला तो सगळ्यात अडचणीत टाकतो.

सोलापुरात नळाला पाणी रोज येत नाही. चार-पाच दिवसांनी येतं, कधी त्याहूनही उशिरा. उजनी धरणात पाणी असो-नसो, आपलं भरून ठेवणं चुकत नाही. म्हणून प्रत्येक घरात पिंपं, टाक्या, बादल्या, घागरी. डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस डासाला एवढंच हवं असतं. त्याची अंडी पाण्यात तरंगत नाहीत, भांड्याच्या आतल्या भिंतीला पाण्याच्या रेघेवर चिकटतात आणि भांडं कोरडं पडलं तरी महिनोनमहिने टिकतात. त्यामुळे पिंप नुसतं उपडं करून पुन्हा भरलं तर अंडी तिथेच राहतात. नळ येण्याच्या आदल्या दिवशी पिंप रिकामं करा, तळ आणि भिंती काथ्याने खसाखसा घासा, मग भरा आणि सुती कापड घट्ट बांधा. अंड्यापासून डास व्हायला आठवडाभर लागतो, म्हणजे पाणी येण्याच्या प्रत्येक फेरीला हे केलं तर त्याचं चक्र तुटतं. उन्हाळ्यातला कूलर गच्चीवर तळाशी पाणी घेऊन उभा असतो, त्याच्याकडे जुलैत कुणाचं लक्ष नसतं. तो आधी बघा. एडिस दिवसा चावतो, म्हणून ताईंची दुपारची झोप मच्छरदाणीत हवी. डास पळवणारं डीटचं मलम गरोदरपणात चालतं, उघड्या हातापायांना लावा.

डेंग्यू झालाच तर ताप कितीही साधा वाटो, ताईंना घरी ठेवू नका. डेंग्यू ओळखायला रक्तात पहिल्या पाच दिवसांत एनएसवन, नंतर आयजीएम तपासतात. ताप उतरतो तेव्हा, साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवसाच्या दरम्यान, रक्तवाहिन्यांतून पाणी बाहेर झिरपायला लागतं. बाहेर घरातले म्हणत असतात की ताप गेला, बरं वाटतंय. एरवी अशा वेळी पेशंटला भरपूर पाणी आणि सलाईन देतात. ताईंना कमी दिलं तर रक्तदाब कोसळतो, जास्त दिलं तर फुफ्फुस भरतं. त्यासाठी दर काही तासांनी हिमॅटोक्रिट (रक्तातल्या लाल पेशींचं प्रमाण), लघवीचं माप, पोटात गेलेल्या थेंबाथेंबाचा हिशोब लागतो. हे फक्त अतिदक्षता विभाग असलेल्या ठिकाणीच नीट होतं.

याहून फसवी वेळ पुढे येते. एक-दोन दिवसांनी झिरपलेलं पाणी आपोआप रक्तात परत येतं. प्लेटलेट वाढू लागतात, घरी सोडायची भाषा सुरू होते आणि नेमक्या त्याच रात्री आकसलेल्या झडपेमागे रक्त तुंबून दम लागतो. त्या टप्प्यावर सलाईन बंद करणं, वेळ पडल्यास लघवीचं इंजेक्शन देणं हाच उपचार. ‘प्लेटलेट वाढल्या, सोडा’ असा आग्रह तुमच्याकडून होऊ देऊ नका. प्लेटलेटच्या आकड्याचं वेड आपल्याकडे फार आहे. रक्तस्राव नसेल तर नुसता आकडा घसरला म्हणून प्लेटलेटच्या पिशव्या चढवत नाहीत. ताईंच्या बाबतीत प्रत्येक पिशवी म्हणजे आणखी पातळ पदार्थ शिरेत. गरोदरपणात प्लेटलेट आणि हिमॅटोक्रिट मुळातच थोडे कमी असतात, हेही रिपोर्ट वाचताना लक्षात घ्यावं लागतं. पपईच्या पानांचा रस गरोदर बाईला देऊ नका. किवी खायची तर खा, फळ म्हणून.

डेंग्यूच्या शंकेत वेदनाशामकं, म्हणजे आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक, मेफेनॅमिक अ‍ॅसिड पूर्ण बंद. खरं तर ताईंना ती कुठल्याच तापात नकोत. ती शरीरात मीठपाणी साठवतात, आणि विसाव्या आठवड्यानंतर बाळाची मूत्रपिंडं आणि पुढे त्याच्या हृदयाजवळची एक महत्त्वाची नळी यांवरही परिणाम करतात. चिकुनगुनियात सांधे असे दुखतात की बायका शेजारणीकडून वेदनाशामक मागून घेतात, तिथे हा घोटाळा होतो. रक्तदाबासाठी कुणी ७५ ची अ‍ॅस्पिरिन सुरू केली असेल तर ती चालू ठेवायची का, हे पहिल्याच दिवशी विचारा. पेनिसिलीनची तारीख डेंग्यूच्या आठवड्यात आली तर प्लेटलेट सावरेपर्यंत ते इंजेक्शन पुढे ढकलतात. ते स्नायूत खोल देतात, तिथे रक्त साचू शकतं.

धातूची झडप बसवलेल्या आणि रक्त पातळ करणारी गोळी घेणाऱ्या बायकाही हे वाचत असतील. तुमचा पेच आणखी अवघड आहे. डेंग्यूत गोळी चालू ठेवली तर रक्तस्राव, बंद केली तर झडपेवर गुठळी. तापात जेवण तुटलं, अँटिबायोटिक सुरू झालं किंवा पॅरासिटामॉल जास्त दिवस घेतलं तरी आयएनआर, म्हणजे रक्त किती पातळ झालंय ते सांगणारा आकडा, वर जातो. त्यामुळे कुठल्याही तापात दोन-तीन दिवसांनी आयएनआर करा आणि गोळी स्वतःहून ना थांबवा ना वाढवा.

कावीळ. हिपॅटायटिस ई हा पाण्यातून येणारा विषाणू एरवी सौम्य, पण गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत फार घातक. त्यात यकृत निकामी होऊन दगावणाऱ्या बायकांचं प्रमाण २० ते २५ टक्क्यांपर्यंत नोंदवलं गेलंय. नळ बंद असताना पाइपातला दाब जातो आणि फुटक्या सांध्यांतून बाजूच्या गटाराचं पाणी आत ओढलं जातं. म्हणून पाणी आल्यावर पहिली पाच-दहा मिनिटं गढूळ पाणी येतं. ते भरू नका आणि ताईंचं पिण्याचं पाणी खळखळून उकळा. तुरटी फिरवून गढूळपणा जातो, विषाणू जात नाही. आषाढीत घरचं कुणी वारीला जाऊन आलं आणि जुलाब-ताप घेऊन आलं, तर माउलींचा प्रसाद जरूर घ्या, पण त्या माणसाने आठवडाभर ताईंचं ताट-पाणी हाताळू नये.

कांजिण्या ताईंना लहानपणी येऊन गेल्यात का, ते तुमच्या आईला विचारा. गेल्या असतील तर चिंता नाही. नसतील आणि घरातल्या मुलाला फोड दिसले, तर ‘देवी आल्यात’ म्हणून थांबू नका. दहा दिवसांच्या आत देता येणारं प्रतिद्रव्यांचं इंजेक्शन आहे, आणि पुरळ उठलंच तर असायक्लोव्हिर हे औषध आहे. मोठ्यांच्या कांजिण्यांत न्यूमोनिया होतो, गरोदर बाईत तो जास्त वाईट. कडुलिंबाचा पाला उशाशी ठेवायचा तर ठेवा, नैवेद्य दाखवा, पण त्याच दिवशी दवाखानाही गाठा.

बाळाबद्दल विचारलंत. रुबेलाने बाळाच्या हृदयात दोष येतात हे खरं, पण तो धोका मुख्यतः पहिल्या तीन-चार महिन्यांतला, ताई तो टप्पा ओलांडून आल्या. झिका या विषाणूचे पेशंट २०२४ मध्ये पुण्यात निघाले, त्यांत गरोदर महिला बऱ्याच होत्या. त्याने बाळाच्या मेंदूची वाढ खुंटू शकते. बचाव डेंग्यूचाच, कारण डास तोच. सहाव्या महिन्यातल्या साध्या सर्दीने किंवा फ्लूने बाळात व्यंग येत नाही. त्याला झळ लागते ती आईचा चढा ताप आणि कमी पडलेला ऑक्सिजन यांची, कधी त्यातून मुदतीआधी कळा सुरू होतात.

विषाणू हृदयात जातच नाही असंही नाही. क्वचित काही विषाणू हृदयाच्या स्नायूला सूज आणतात. ताप उतरून दोन-तीन दिवस झाले तरी नाडी खाली येत नाही, छातीत दुखतं, थकवा वाढतच जातो, तर ईसीजी, ट्रोपोनिन (हृदयाच्या स्नायूला इजा झाली का ते सांगणारी रक्ततपासणी) आणि पुन्हा इको. आणि एक गोष्ट माझ्या क्षेत्रातल्या लोकांनाही पुन्हा पुन्हा सांगावी लागते. खराब झडपेच्या माणसाचा ताप आठवड्याच्या पुढे लांबला तर त्याला व्हायरल म्हणायचं बंद करा. झडपेवर जिवाणूंची वसाहत झालेली असू शकते. त्यासाठी रक्ताचं कल्चर, म्हणजे रक्तातून जिवाणू वाढतात का ते बघायची तपासणी, करतात, तेही अँटिबायोटिकचा पहिला डोस द्यायच्या आधी. चौथ्या दिवशी कोपऱ्यावरच्या दवाखान्यातून अँटिबायोटिक सुरू झालं की कल्चर कोरं येतं आणि निदान हातातून निसटतं.

माहेरचं बाळंतपण. अक्कलकोट तासाभराच्या वाटेवर आहे, पण ताईंची प्रसूती सोलापुरातच व्हायला हवी. स्त्रीरोगतज्ज्ञ, हृदयाचा किंवा मेडिसिनचा डॉक्टर, भूलतज्ज्ञ आणि अतिदक्षता विभाग एकाच छताखाली असतील तिथे, सिव्हिल असो की खासगी. बाळ बाहेर आल्यावर गर्भाशय आवळतं आणि त्यातलं रक्त एकदम हृदयाकडे येतं. पुढचे २४ ते ४८ तास झडपेच्या पेशंटसाठी सगळ्यात नाजूक असतात. त्या दोन दिवसांत बघायला येणाऱ्यांची रांग नको. आईने सोलापुरात येऊन राहावं, माहेरपण तसंही होतं. नंतर अक्कलकोटला नेलं तरी बाळंतिणीच्या खोलीत शेगडीचा धूर करू नका, खिडकी उघडी ठेवा आणि खोकणाऱ्या माणसाने बाळाला घेऊ नये. ताईंना फ्लू झाला तरी मास्क लावून, हात धुऊन अंगावर पाजता येतं.

डोहाळजेवण जरूर करा, बाईला हौस असते. फक्त बंद हॉलमध्ये दीडशे माणसं नकोत. घरच्या गच्चीवर किंवा अंगणात, जवळची वीस-पंचवीस, सर्दी-ताप असलेल्यांनी फोनवरून आशीर्वाद द्यावा. ताईंना पाटावर बसवू नका, पाठ टेकेल अशी खुर्ची द्या. ओटी भरणाऱ्यांच्या आग्रहाने लोणचं, पापड, शेंगाचटणी सगळं ताटात येईल, त्यातलं मिठाचं चवीपुरतंच. आणि २८ आठवड्यांची इको त्या कार्यक्रमाच्या आधी करून घ्या. तिच्यात फुफ्फुसातला दाब वाढलेला दिसला तर औषध वाढवायचं की फुग्याने झडप उघडायची, हे तेव्हाच ठरवावं लागेल.